प्रोग्रामेबल एसी सोर्सवर उपकरणांची चाचणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावच्या एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. शेतीपंपाचे स्टार्टर, ऑटो-स्विच (लाइट येताच मोटर आपोआप चालू करणारे), सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारे) आणि थोडेफार एलईडी ड्रायव्हर, एवढाच पसारा. टेस्टिंगच्या टेबलावर प्रोग्रामेबल एसी सोर्स आला तेव्हापासून शेजारचे युनिटवाले, रिवाइंडिंगवाले, पॉलिटेक्निकची मुलं येता-जाता तेच ते प्रश्न विचारतात. दर वेळी चहा गार होतो, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे.

हे यंत्र नेमकं करतं काय?

महावितरणची लाइट एका बाजूने आत घेतं, आत तिची डीसी करतं आणि त्या डीसीपासून तुम्ही सांगाल तशी नवी एसी तयार करून दुसऱ्या बाजूने देतं. किती व्होल्ट, किती हर्ट्झ, लहर साइनची की कापलेली, कोणत्या क्षणी सुरू आणि कोणत्या क्षणी बंद, सगळं तुमच्या हातात. बाहेर लाइट २१० असो की २४५, तुम्ही २३० मागितले की २३०च मिळतात. १७० मागितले तर १७०, आणि दहा वेळा मागितले तर दहाही वेळा तेवढेच.

शेतातला बिघाड आपल्या सोयीने येत नाही. टेबलावर तो हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा आणता येतो, यासाठी हे यंत्र.

आमच्याकडे डिमरस्टॅट (नॉब फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) आहे. तो पुरत नाही का?

पुष्कळ कामाला पुरतो. कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला कॉइलवर चालणारा स्विच) किती व्होल्टला ओढतो, किती व्होल्टला सोडतो, स्टॅबिलायझरचा रिले कुठे पलटतो, एवढंच पाहायचं असेल तर डिमरस्टॅट आणि एक चांगला मीटर बास. डिमरस्टॅट ओव्हरलोडही सहन करतो, सोर्स करत नाही. आमचा जुना डिमरस्टॅट आजही टेबलाखाली आहे आणि आठवड्यातून एकदा तरी बाहेर निघतो.

पण त्याला फ्रिक्वेन्सी बदलता येत नाही. मेन्सच्या लहरीत जी घाण आहे ती जशीच्या तशी पुढे येते. आणि वीस मिलिसेकंदांसाठी व्होल्टेज पाडून परत वर आणायचं तर हाताने नॉब फिरवून ते होणं नाही. सोर्सची खरी कमाई तिथे आहे.

शेतातल्या लाइटची नक्कल करायची तर सुरुवात कुठून करायची?

शेतातून. सोर्सच्या स्क्रीनसमोर बसून ‘समजा १८० असेल’ असा अंदाज मारू नका. लॉगर (व्होल्टेज सतत नोंदवणारं यंत्र) घ्या, डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) सगळ्यात लांबच्या विहिरीवर लावा आणि किमान आठवडाभर तिथेच राहू द्या. रब्बीत सगळ्यांच्या मोटरी एकदम चालू होतात तो आठवडा मिळाला तर उत्तमच. थ्री फेज येते ती वेळ, सगळे ऑटो-स्विच एकाच क्षणी ओढतात ती पहिली काही मिनिटं, आणि मग मोटरी बंद झाल्यावर चढणारं व्होल्टेज, हे तिन्ही नोंदीत यायला हवं. आपल्याकडे कमी व्होल्टेजची सगळेच तक्रार करतात, पण इलेक्ट्रॉनिक्स जळतं ते बहुतेक वेळा चढत्या व्होल्टेजला.

एक अनुभव सांगतो. रावेर भागातल्या एका केळी पिकवणी केंद्रात आमचा कंट्रोलर दिवसातून दोन-तीनदा रिसेट व्हायचा. इथे टेबलावर १७० व्होल्टला तासन् तास चालला, काही झालं नाही. दोनदा बोर्ड बदलून दिला, तरी तेच. शेवटी लॉगर लावला तर दिसलं, की शेजारच्या चेंबरचा कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज पाच-सहा सायकलपुरतं, म्हणजे सेकंदाच्या साधारण दहाव्या भागापुरतं, १४० च्या आसपास जाऊन लगेच वर येतं. साध्या मीटरला ते दिसणारच नव्हतं. तोच खड्डा सोर्सवर बनवला आणि तिसऱ्या फेरीत कंट्रोलर माझ्यासमोर रिसेट झाला. सप्लायमधला एक कपॅसिटर मोठा केला, विषय संपला. त्याआधी फुकट दिलेले दोन बोर्ड आमच्या खाती.

एक फेज गेल्याची चाचणी सोर्सवर कशी करायची?

इथे बहुतेक जण चुकतात, मीही चुकलो होतो, म्हणून जरा सविस्तर.

थ्री फेज सोर्स असेल तर सरळ बी फेजला शून्य व्होल्ट टाकायचे आणि ‘फेज गेला’ असं म्हणायचं, हे सुचणं साहजिक आहे. पण शून्य व्होल्ट देणं आणि तार तुटणं या दोन वेगळ्या गोष्टी. सोर्सने शून्य व्होल्ट दिले म्हणजे त्याने ती तार न्यूट्रलशी घट्ट बांधून ठेवली, जवळजवळ शॉर्टच केली. तार तुटली तर ते टोक मोकळं लोंबकळतं. चालत्या मोटरला हा फरक लगेच कळतो. तुटलेल्या फेजच्या टर्मिनलवर मोटर स्वतःच व्होल्टेज तयार करते आणि ते जवळजवळ पूर्ण असतं. म्हणून तर फक्त व्होल्टेज बघणारे स्वस्तातले प्रिव्हेंटर फसतात. मोटर दोन फेजवर रडत चाललेली असते आणि प्रिव्हेंटरचा हिरवा दिवा लागलेलाच असतो.

तेव्हा खरी चाचणी अशी: सोर्सचे तिन्ही फेज पूर्ण द्या, मोटर चालू करा, तिच्यावर थोडा लोड असू द्या, आणि एका फेजमध्ये बसवलेला वेगळा कॉन्टॅक्टर उघडा. प्रिव्हेंटरने ठरलेल्या वेळात ट्रिप दिली तर पास. मोटर न लावता रिकाम्या प्रिव्हेंटरवर केलेली चाचणी म्हणजे निम्मी चाचणी.

आणि डीपीवरचा डीओ (वरच्या, ११ केव्हीच्या तारेतला फ्यूज) उडाला तर? तेव्हा तर तिन्ही फेजला काही ना काही असतंच.

हा प्रश्न विचारणाऱ्याने शेतात उभं राहून लाइट पाहिलेली असते. एका फेजवर दिवा लख्ख, दोन फेजवर मिणमिणता, हे आपल्याकडे सगळ्यांनी अनुभवलेलं.

कारण सोपं आहे. आपल्या डीपीचं वरचं, म्हणजे ११ केव्हीकडचं वाइंडिंग डेल्टा आणि खालचं स्टार असतं. वरचा एक फ्यूज गेला की उरलेल्या दोन तारांमध्ये एक वाइंडिंग पूर्ण व्होल्टेजवर राहतं आणि बाकीची दोन एकापाठोपाठ जोडल्यासारखी होऊन व्होल्टेज अर्धं अर्धं वाटून घेतात. खाली एका फेजला २३० आणि दोन फेजना ११५-११५ मिळतात. शिवाय त्या दोघांची दिशा पहिल्याच्या बरोबर उलट असते.

सोर्सवर हे बनवायला प्रत्येक फेजचा कोन वेगळा देता यायला हवा. पहिला फेज २३० व्होल्ट शून्य अंश, दुसरा ११५ व्होल्ट १८० अंश, तिसरा ११५ व्होल्ट १८० अंश. मग फेज-फेजमध्ये मोजा: दोन ठिकाणी ३४५ येतात आणि तिसऱ्या ठिकाणी शून्य. स्टार्टरची कॉइल त्या शून्यवाल्या जोडीवर असेल तर कॉन्टॅक्टर ओढणारच नाही आणि मोटर वाचेल. तीच कॉइल ३४५ वर असेल तर ओढायची शक्यता आहे, आणि मग मोटर जागच्या जागी गुणगुणत जळते. म्हणजे मोटर वाचणं फ्यूज कोणता गेला त्या नशिबावर. प्रिव्हेंटरची चाचणी तिन्ही फेज आळीपाळीने ‘लख्ख’ ठेवून करा. ही मोकळ्या, लोड नसलेल्या लाइनची गणितं आहेत. मोटर चालू असताना आकडे हलतात, पण चाचणीला एवढं पुरतं.

फेजमध्ये थोडाच फरक असेल तर चालतं ना?

थोडा म्हणजे किती ते पाहा. व्होल्टेजमध्ये एक टक्का असंतुलन असेल तर मोटरच्या करंटमधलं असंतुलन त्याच्या सहा ते दहा पट होतं. अमेरिकेतल्या नेमा मानकाप्रमाणे एक टक्क्याच्या वर मोटरकडून पूर्ण काम घेऊ नये आणि पाच टक्क्यांच्या वर ती चालवूच नये. सोर्सवर एक फेज २३० वरून २१५ करा, क्लॅम्प मीटरने तिन्ही करंट बघा. मुलांना वर्गात तासभर सांगून जे पटत नाही ते मिनिटभरात पटतं.

‘तुमना टेबलवर चालस, मना वावरमा चालस नही.’ असं का होतं?

हे अहिराणी वाक्य (तुमच्या टेबलावर चालतो, माझ्या शेतात चालत नाही) अमळनेरकडच्या एका आप्पांचं. स्टार्टर मांडीवर घेऊन ते एसटीने आले होते. शेतात तो तडतडत होता. आमच्या सोर्सवर ३४० व्होल्टलाही एका झटक्यात ओढायचा. आप्पांसमोर चारदा करून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि वरचं वाक्य म्हणाले. बरोबर आप्पाच होते.

सोर्स फार ताठ असतो. लोड लावला तरी त्याचं व्होल्टेज पडत नाही, त्यासाठीच तो बनवलेला. डीपीपासून लांबवर ओढलेली बारीक तार तशी नसते. मोकळ्या तारेवर ३६० दिसतात, कॉन्टॅक्टर ओढतो, मोटर सुरू होताना सहापट करंट घेते, व्होल्टेज ३०० च्या खाली कोसळतं, कॉन्टॅक्टर सोडतो. सोडला की व्होल्टेज परत ३६०. परत ओढतो. हीच ती तडतड. पाच-सात झटक्यांत कॉन्टॅक्टच्या टिकल्या काळ्या पडतात, कधी चिकटून बसतात.

मानक काय सांगतं तेही बघा. कॉन्टॅक्टरने कॉइलच्या रेटेड व्होल्टेजच्या ८५ टक्क्यांपासून ११० टक्क्यांपर्यंत नीट ओढलं पाहिजे, आणि ७५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी सोडलं पाहिजे. ४१५ च्या कॉइलला ८५ टक्के म्हणजे ३५३ व्होल्ट. त्याखाली ओढला तर मेहेरबानी समजायची. म्हणून शेतीच्या स्टार्टरला वाइड बँड कॉइल, म्हणजे बऱ्याच कमी व्होल्टेजलाही ओढणारी कॉइल, घालतात.

टेबलावर वावर आणायचं तर सोर्स आणि स्टार्टरच्या मध्ये तारेइतका अडथळा घालावा लागतो. काही महागड्या सोर्समध्ये हा अडथळा (आउटपुट इम्पिडन्स) आकड्याने देता येतो. आमच्यात ती सोय नाही, म्हणून आम्ही प्रत्येक फेजमध्ये जाड तारेचा रेझिस्टर घातला आणि छोटी मोटर जोडली. स्टार्टर तडतडला. आप्पा हसले आणि म्हणाले, आता कसं!

किती केव्हीएचा सोर्स घ्यावा?

रेटेड वॅट बघून घेऊ नका, करंटचं टोक बघून घ्या.

एलईडी ड्रायव्हर, चार्जर, टीव्ही यांच्यासारखा लोड सलग करंट घेत नाही. लहरीच्या माथ्यावर तेवढा गचकन घेतो. आरएमएस, म्हणजे मीटरवर दिसणारा परिणामी करंट, एक अँपिअर असला तरी टोक तीन-चार अँपिअरचं असू शकतं. सोर्सची ‘पीक करंट’ची मर्यादा ओलांडली की तो लहरीचा माथा कापतो. मग तुम्ही उपकरण तपासत नसता, सोर्सची धाप तपासत असता.

दुसरं, बहुतेक सोर्सना दोन रेंज असतात: १५० व्होल्टपर्यंत आणि ३०० व्होल्टपर्यंत. वरच्या रेंजला करंट निम्मा मिळतो. माहितीपत्रकावरचा ठळक आकडा अनेकदा खालच्या रेंजचा असतो. आपल्याला २३० वर काम करायचं, तेव्हा वरच्या रेंजचा आकडा वाचा.

पाच एचपीची मोटर थेट सोर्सवर सुरू करता येईल?

हिशोब करू. पाच एचपी, ४१५ व्होल्ट, चालताना साधारण आठ अँपिअर. थेट सुरू करताना सहापट, म्हणजे ४८. वर्गमूळ तीन गुणिले ४१५ गुणिले ४८ केलं तर साडेचौतीस केव्हीए होतात. तेवढा सोर्स लहान युनिटच्या ऐपतीबाहेरचा आहे, आणि लहान सोर्स असेल तर तो ओव्हरकरंटवर बंद पडतो.

व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी शून्यापासून हळूहळू वर नेत मोटर फिरवता येते. त्याने चालत्या मोटरच्या चाचण्या होतात, सुरू होण्याची चाचणी होत नाही. स्टार्टिंग टॉर्क बघायचा तर मोठा ऑटो ट्रान्सफॉर्मर किंवा थेट मेन्सच बरी.

सुरू करण्याचा कोन ०, ९० असा का विचारतो?

स्विच लहरीच्या कोणत्या क्षणी दाबला यावर पहिला झटका ठरतो. गंमत म्हणजे दोन प्रकारच्या उपकरणांना उलट क्षण वाईट. लोखंडी ट्रान्सफॉर्मरला सगळ्यात वाईट शून्यावर: तिथून सुरू केलं की गाभ्यातला फ्लक्स दुप्पट व्हायला बघतो, गाभा भरतो आणि करंट उसळतो. कपॅसिटरवाल्या एसएमपीएसला (चार्जर, टीव्हीत असतो तसा सप्लाय) सगळ्यात वाईट ९० अंश, कारण रिकाम्या कपॅसिटरवर थेट ३२५ व्होल्टचा माथा आदळतो.

हाताने स्विच दाबून दहा वेळा पाहिलं तर दहा वेगळे आकडे येतात आणि त्यातला वाईट आलाच असेल असं नाही. सोर्सवर कोन पक्का करा, ऑसिलोस्कोपला करंट प्रोब लावा आणि खरा वाईट आकडा एकदाच काढा. एमसीबी उगाच ट्रिप होते या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं. मोजण्याआधी कपॅसिटर पूर्ण रिकामा झालाय आणि इनरशचा, म्हणजे पहिला झटका अडवणारा थर्मिस्टर गार झालाय ना, ते बघा. गरम थर्मिस्टरवर घेतलेला आकडा वेगळाच येतो.

लाइट एका सायकलपुरती गेली तर उपकरण टिकेल का, हे गणिताने कळतं?

बऱ्यापैकी. पीएफसी (करंट लहरीच्या आकारात घेणारं सर्किट) नसलेला, मेन्समधून १०० वॅट घेणारा सप्लाय घ्या, आत १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. २३० व्होल्टला तो ३२५ पर्यंत भरतो. सप्लाय २०० व्होल्ट डीसीपर्यंत तग धरतो असं माना. ३२५ वरून २०० वर येताना कपॅसिटर सव्वातीन ज्यूलच्या आसपास ऊर्जा देतो, म्हणजे १०० वॅटला जवळपास ३३ मिलिसेकंद. एक सायकल २० मिलिसेकंदांची, आरामात निभावते.

आता मेन्स १८० वर आणा. कपॅसिटर २५५ पर्यंतच भरतो. तिथून २०० पर्यंत जेमतेम सव्वा ज्यूल, म्हणजे १२ मिलिसेकंद. तीच एक सायकल गेली की उपकरण बसतं. प्रत्यक्षात रिपलमुळे (कपॅसिटरवरच्या व्होल्टेजच्या चढउतारामुळे) याहून थोडं कमीच मिळतं.

शहरातल्या लॅबमध्ये २३० वर पास झालेला बोर्ड आपल्याकडे का रिसेट होतो, त्याचं उत्तर या दोन ओळींत आहे. आमचा नियम: व्होल्टेज खड्ड्याची प्रत्येक चाचणी दोनदा, एकदा २३० वरून आणि एकदा १८० वरून. दुसरी कुठल्या मानकात मागितलेली आमच्या पाहण्यात नाही, पण परत येणारा माल तिने कमी केला.

त्या चाचणीचं अधिकृत मानक कोणतं?

आयईसी ६१०००-४-११, फेजला १६ अँपिअरपर्यंतच्या उपकरणांसाठी. त्यात अर्धी सायकल आणि एक सायकल पूर्ण गायब, ७० टक्के व्होल्टेज २५ सायकल, कडक वर्गासाठी ४० टक्के १० सायकल आणि ८० टक्के २५० सायकल, शिवाय २५० सायकल पूर्ण बंद, असे टप्पे आहेत. आपल्या २३० वर ७० टक्के म्हणजे १६१ व्होल्ट अर्धा सेकंद.

पण एक खोच आहे. मानकाला व्होल्टेज एक ते पाच मायक्रोसेकंदांत पडायला-चढायला हवं, आणि २३० व्होल्टच्या जनरेटरला ५०० अँपिअरचा झटका देता आला पाहिजे. उपकरणाचा स्वतःचा झटका लहान असेल तर त्यात सवलत मिळते. आमच्यासारखे बरेच सोर्स या अटीत बसत नाहीत. तेव्हा घरच्या टेबलावरची चाचणी म्हणजे पूर्वतयारी. प्रमाणपत्रासाठी मान्यताप्राप्त लॅबच लागते, बेंगळुरूची सीपीआरआय किंवा वडोदऱ्याची एर्डा वगैरे. वडोदरा आपल्याला सोयीचं, भुसावळ-सुरत लाइनने निघायचं. पण घरी नापास होणारा माल घेऊन एवढा प्रवास करू नये.

आपल्याकडे ५० हर्ट्झच असतात. फ्रिक्वेन्सी बदलायची गरज काय?

ग्रिडवर गरज नाहीच. ग्रिड कोडची मर्यादा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ आहे. पण लग्नाच्या मांडवात, दवाखान्यात, कोल्ड स्टोरेजला जनरेटर असतो, आणि लोड पडताच त्याचा वेग सांभाळणारा गव्हर्नर काय करतो ते बघा. ४७ ते ५३ एवढं तरी तपासा. निर्यात करत असाल तर अमेरिकेसाठी १२० व्होल्ट ६० हर्ट्झ. जपानात १०० व्होल्ट, पूर्वेकडे ५० आणि पश्चिमेकडे ६० हर्ट्झ, एकाच देशात दोन्ही. ६० वर पंप तपासताना जपून: वेग १.२ पट झाला की सेंट्रिफ्यूगल पंपाला लागणारी ताकद घनाने वाढते, सुमारे १.७३ पट.

न्यूट्रल तुटल्यावर घरात ४०० व्होल्ट येतात. ते कसे देणार? आमचा सोर्स ३०० लाच थांबतो.

थ्री फेज सोर्स असेल तर एलईडी ड्रायव्हर फेज आणि न्यूट्रलमध्ये न जोडता दोन फेजमध्ये जोडा. प्रत्येक फेज २५४ व्होल्ट ठेवला की मध्ये ४४० मिळतात. लक्षात ठेवा, आता ड्रायव्हरची ‘न्यूट्रल’ची तारही जिवंत आहे. टेस्टर लावून खात्री केल्याशिवाय हात घालू नका. ड्रायव्हर जाळीच्या डब्यात ठेवा, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुटतो तेव्हा त्याचं टोपण छतापर्यंत जातं. आमच्या छतावर खूण आहे.

सोर्सवर ईएलसीबी (अर्थकडची गळती पकडून लाइट तोडणारा स्विच) ट्रिप होत नाही. खराब आहे का?

आधी सोर्स बघा. बऱ्याच सोर्सचं आउटपुट मोकळं, म्हणजे अर्थपासून सुटं असतं. फेजमधून अर्थला गळती झाली तरी परतीचा रस्ताच नाही, मग ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी काय ट्रिप होणार? माहितीपुस्तिकेत परवानगी असेल तर आउटपुटचा न्यूट्रल एकाच ठिकाणी अर्थला जोडा. लीकेज करंटची मोजणीही त्याशिवाय खोटी येते. हे न करता ‘शॉक लागत नाही’ म्हणून निर्धास्त राहणारा एक मुलगा आमच्याकडे होता. त्याची सवय मोडायला वेळ लागला.

सोलर इन्व्हर्टर तपासता येईल?

साध्या सोर्सवर नाही. ग्रिडला जोडणारा इन्व्हर्टर वीज बाहेर ढकलतो आणि साधा सोर्स ती गिळू शकत नाही. त्याचा डीसी बस चढतो आणि तो बंद पडतो, नशीब वाईट असेल तर जळतो. वीज परत घेणारा रिजनरेटिव्ह सोर्स हवा, नाहीतर समांतर इतका हीटर लोड हवा की इन्व्हर्टरची सगळी वीज तिथेच जिरेल. अँटी-आयलंडिंगच्या चाचणीला, म्हणजे आयएस १६१६९ ला, सोर्सच्या जोडीला जुळवलेला आरएलसी (रेझिस्टर, कॉइल आणि कपॅसिटरचा) लोडही लागतो. ग्रिड गेल्यावर इन्व्हर्टर दोन सेकंदांच्या आत थांबला पाहिजे.

मीटर आणि सोर्स वेगवेगळे आकडे दाखवतात. खरं कोण?

मीटर ट्रू आरएमएस आहे का ते पाहा. साधा मीटर सरासरी मोजून १.११ ने गुणतो, आणि ते फक्त शुद्ध साइनला खरं असतं. घरगुती स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची लहर सोर्सवर बनवली की हे दोघे भांडणारच.

उन्हाळ्यात सोर्स बंद पडतो.

बहुतेक सोर्स ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळला बाहेरच ४४-४५ असतात, पत्र्याच्या शेडमध्ये विचारूच नका. सोर्स सकाळी सात ते अकरा चालवा किंवा त्या खोलीला एसी लावा. कूलर मात्र सोर्सच्या तोंडाशी लावू नका, आत ओल जाते. आणि जाळी साफ ठेवा. शेजारी जिनिंग असेल तर सरकीचं तूस, डाळ मिल असेल तर भुसा. आम्ही दर शनिवारी ब्लोअर मारतो.

संगणकाला जोडून चाचणी आपोआप करावी का?

पन्नासपेक्षा जास्त नग एकसारखे तपासायचे असतील तर नक्की. यूएसबी किंवा लॅनवरून साधे आदेश जातात, पायथॉन येणारा मुलगा दोन दिवसांत बसवतो. तेवढे नग नसतील तर सोर्समधलीच ‘लिस्ट’ची सोय पुरते. तिच्यात प्रत्येक पायरीचं व्होल्टेज, वेळ आणि कोन भरायचा आणि बटण दाबायचं.

पण सगळ्यात आधी सोर्समध्ये व्होल्टेजची वरची मर्यादा घाला. मी एकदा रात्री उशिरा लिस्ट भरत होतो. २३० च्या जागी ३०० पडले आणि फेऱ्यांच्या रकान्यात शून्य राहिलं. आमच्या सोर्समध्ये शून्य म्हणजे अखंड. शेड बंद करून घरी गेलो. सकाळी दार उघडलं तर वॉर्निशचा वास, रॅकवरच्या बारा ऑटो-स्विचचे ट्रान्सफॉर्मर तपकिरी झालेले, आणि सोर्स शांतपणे तीनशे व्होल्ट देत उभा. आता मर्यादा २७० वर आहे आणि तिचा पासवर्ड माझ्याकडे नाही, बायकोकडे आहे.

जुना, सेकंड हँड घेतला तर चालेल?

चालेल, पण सोबत हीटर आणि एखादा एसएमपीएस घेऊन जा. आधी हीटरवर पूर्ण करंटला अर्धा तास चालवा, पंख्यांचा आवाज ऐका. मग एसएमपीएस लावून ऑसिलोस्कोपवर लहरीचा माथा बघा. चपटा दिसला तर पॉवर स्टेज नुकतीच बदलल्याचं बिल विक्रेत्याने दाखवलं तरी त्यावर विश्वास ठेवू नका. शेवटी आउटपुट बंद करून टर्मिनलवर मीटर धरा. रिले चिकटलेला असेल तर बंद दाखवणाऱ्या सोर्सवरही २३० मिळतात.